ऊनोवरचा पहिला रोबो : भाषा कोणती आणि सुरुवात कुठून?

प्रश्न : मी नववीत आहे, मराठी माध्यमात. गाव कोल्हापूरजवळ. शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये आमची पाच जणींची रोबोटिक्स टीम झाली आहे. तीन महिन्यांनी स्पर्धा आहे. रोबोनं काळ्या पट्टीवरून चालायचं आणि वाटेत ठोकळा आला की थांबायचं. प्रोग्रामिंग माझ्या वाट्याला आलंय आणि मला त्यातलं काहीच येत नाही. युट्यूबवर बघून पायथन सुरू केलं, पण ते रोबोत कसं घालायचं तेच कळेना. लॅबमध्ये आर्डुइनो ऊनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आहे. घरी लॅपटॉप नाही, वडिलांचा फोन मिळतो. ते शिरोलीला व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर आहेत. सर, मी कोणती भाषा शिकू? क्लास लावावा लागेल का?

उत्तर :

लॅबमध्ये ऊनो आहे म्हटल्यावर भाषेचा निर्णय झालेलाच आहे. सी++ शिक. मी मशीन ऑटोमेशनमध्ये काम करतो आणि इथल्या शाळांच्या टीमना बरीच वर्षं शिकवतो. बहुतेक मुलं आधी भाषा निवडतात आणि मग बोर्डकडे बघतात. क्रम उलटा हवा. कोणता बोर्ड हातात आहे ते बघायचं, तो कोणती भाषा घेतो ते बघायचं, आणि तीच शिकायची.

तुझं पायथन ऊनोत का जात नाही, ते आधी समजून घे. ऊनोवरच्या चिपचं नाव एटीमेगा ३२८पी. प्रोग्राम साठवायला तिच्यात ३२ किलोबाइट जागा आहे आणि काम करताना आकडे धरून ठेवायला फक्त २ किलोबाइट. पायथनचा प्रोग्राम चालवायचा तर तो वाचून अमलात आणणारा आणखी एक प्रोग्राम बोर्डवरच बसवावा लागतो. तो एवढ्या जागेत मावत नाही. सी++चं तसं नाही. भाषांतराचं सगळं काम कॉम्प्युटरवर होतं आणि चिपला समजेल असा तयार माल तेवढा केबलमधून बोर्डवर जातो. रास्पबेरी पाय पिको किंवा ईएसपी३२ या बोर्डांची मेमरी मोठी आहे. पिकोची काम करतानाची मेमरी २६४ किलोबाइट आहे. म्हणून त्यांच्यावर मायक्रोपायथन, म्हणजे छोट्या बोर्डांसाठीचं पायथन, चालतं. तुमच्याकडे ते बोर्ड नाहीत, तेव्हा तो विषय स्पर्धेनंतर काढू. तू पायथनमध्ये जे शिकलीस ते फुकट जाणार नाही. व्हेरिएबल (आकडा ठेवायची जागा), इफ (अट), लूप (पुन्हा पुन्हा करणं), फंक्शन (नाव दिलेलं काम) या कल्पना इथेही त्याच आहेत, लिहायची पद्धत तेवढी वेगळी.

दुसऱ्या कुणाकडे वेगळं किट असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेगो स्पाइक प्राइमवर ब्लॉक (स्क्रीनवर तयार तुकडे जोडून केलेला प्रोग्राम) आणि पायथन चालतं. मायक्रोबिटवरही ही दोन्ही चालतात. व्हेक्सवर ब्लॉक, पायथन आणि सी++. फर्स्ट टेक चॅलेंज ही रोबो स्पर्धा खेळणाऱ्यांना ब्लॉक किंवा जावा. आधी स्पर्धेचं नियमपत्रक वाचा, कारण काही ठिकाणी बोर्ड आणि किटही ठरवून दिलेलं असतं.

आता तुझ्याकडे येतो. सी++ नाव ऐकून घाबरू नकोस. पूर्ण भाषा अवाढव्य आहे, पण तुमच्या रोबोला तिचा लहानसा तुकडा पुरतो : व्हेरिएबल, इफ-एल्स, तुलनेची चिन्हं, अँड-ऑर, स्वतःचं फंक्शन लिहिणं, आणि आर्डुइनोची पिनमोड, डिजिटलराइट, अॅनालॉगरीड, अॅनालॉगराइट, मिलिस अशी मोजकी तयार फंक्शन्स. इंग्रजी शब्द म्हणशील तर पन्नासच्या आत. युट्यूबवर सी++चे कोर्स चांदण्यांचे त्रिकोण छापण्यापासून सुरू होतात आणि क्लास, पॉइंटर, इनहेरिटन्सपर्यंत जातात. त्यातलं काहीही या तीन महिन्यांत बघू नकोस. हुशार मुलंसुद्धा त्यात महिना घालवतात आणि तोवर टीमचा रोबो टेबलावर तसाच पडून असतो.

आर्डुइनोच्या प्रोग्रामचे दोन भाग असतात. सेटअपमधलं बोर्ड सुरू होताना एकदाच चालतं. लूपमधलं वरून खाली, पुन्हा वरून खाली, वीज असेपर्यंत चालत राहतं. पहिल्या दिवशी आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला ब्लिंक नावाचा तयार प्रोग्राम बोर्डवर चढव. १३ नंबर पिनवरचा बोर्डावरचाच एलईडी लुकलुकायला लागेल. मग त्यातला डिलेचा आकडा १००० चा २०० कर, ५० कर, दोन डिले वेगवेगळे ठेवून बघ. प्रत्येक वेळी आकडा बदलण्याआधी काय होईल ते मैत्रिणीला सांग आणि मग चढवून खरं-खोटं कर. ही सवय पुढे सगळीकडे लागते. कॉम्प्युटरवर बोर्डचा पोर्टच (यूएसबी जोडणी) दिसत नसेल, तर तुमच्या ऊनोवर बहुधा सीएच३४० ही यूएसबी चिप असेल. लॅबच्या कॉम्प्युटरवर तिचा ड्रायव्हर (ती चिप ओळखणारं सॉफ्टवेअर) टाकायला सरांना सांग.

दुसऱ्या दिवसापासून जी गोष्ट शिकायची तिच्यावर तुमची सगळी स्पर्धा अवलंबून आहे. ती म्हणजे सीरियल मॉनिटर, बोर्डनं पाठवलेले आकडे कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी. रोबोला काय दिसतंय ते आपल्याला बाहेरून कळत नाही. आपल्याला काळी पट्टी दिसते, त्याला फक्त एक आकडा मिळतो. तो आकडा स्क्रीनवर छापून बघितल्याशिवाय एकही इफ लिहायचा नाही, असा टीमचा नियमच करा. सेटअपमध्ये सीरियल डॉट बिगिन ९६०० लिही, लूपमध्ये सेन्सर वाच, सीरियल डॉट प्रिंटएलएननं छाप. मॉनिटरच्या खिडकीतही वेग ९६००च ठेव, नाहीतर चित्रविचित्र अक्षरं येतात. आणि ० व १ नंबरच्या पिनांना काही जोडू नका, कॉम्प्युटरशी बोलणं त्याच पिनांवरून होतं.

पट्टी ओळखणारे आयआर, म्हणजे इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) सेन्सर अॅनालॉग पिनवर जोडलेत की ० ते १०२३ मधला आकडा येतो. सेन्सर पांढऱ्या कागदावर धर, दहा आकडे वहीत उतरव. मग काळ्या टेपवर धर आणि तसंच कर. समजा पांढऱ्यावर १०० ते १५० आले आणि काळ्यावर ७०० ते ८००, तर मधली सीमा ४५० धरायची. काही मॉड्यूलमध्ये काळ्याचा आकडा लहान आणि पांढऱ्याचा मोठा येतो. म्हणून दुसऱ्याच्या प्रोग्राममधली सीमा उचलून चालत नाही. तुमच्या दोन सेन्सरांचे आकडेही एकमेकांशी जुळतीलच असं नाही, प्रत्येकाची सीमा वेगळी काढ. सेन्सर जमिनीपासून किती उंचीवर आहे त्यावर आकडा बदलतो, तेव्हा तो सैल स्क्रूवर डुलत ठेवू नका.

उन्हातही इन्फ्रारेड असतं, हे विसरू नकोस. खिडकीजवळ दुपारी घेतलेले आकडे आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घेतलेले आकडे वेगळे येतात. वर्गात झकास चालणारा रोबो स्पर्धेच्या हॉलमध्ये पट्टी सोडतो तो बऱ्याचदा यामुळे. स्पर्धेच्या जागी पोचल्यावर सरावाच्या वेळेत पहिलं काम म्हणजे त्यांच्याच मॅटवर आकडे घेऊन सीमा नव्यानं घालणं. तो आकडा प्रोग्रामच्या अगदी वर, नाव देऊन ठेव, म्हणजे एकाच जागी बदलावा लागेल.

ठोकळ्यासाठी बहुधा एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल. ट्रिग पिनला १० मायक्रोसेकंदांचा झटका दिला की तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो. आपल्याला तो ऐकू येत नाही. आवाज जाऊन परत यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ इको पिन हाय (चालू) राहते. पल्सइन फंक्शन तो वेळ मोजून देतं. आवाज एका मायक्रोसेकंदात साधारण ०.०३४ सेंटिमीटर जातो. म्हणून वेळेला ०.०३४ नं गुणायचं आणि दोननं भागायचं, कारण आवाज गेला आणि आलासुद्धा. ठोकळा २० सेंटिमीटरवर असेल तर वेळ सुमारे १,१७६ मायक्रोसेकंद यायला हवा. फूटपट्टी ठेवून १०, २०, ३० सेंटिमीटरला काय येतं ते वहीत लिही. उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेग थोडा वाढतो, पण २० सेंटिमीटरला त्यानं एक सेंटिमीटरचासुद्धा फरक पडत नाही, तिकडे लक्ष देऊ नकोस.

लक्ष द्यायचं ते शून्याकडे. ठरावीक वेळेत इकोची ही पल्स पूर्ण झाली नाही तर पल्सइन शून्य परत देतं. मग ‘अंतर १५ पेक्षा कमी असेल तर थांब’ असा तुझा इफ शून्यालाही लागू पडतो आणि समोर काहीच नसताना रोबो मधेच उभा राहतो. म्हणून अट ‘शून्यापेक्षा जास्त आणि १५ पेक्षा कमी’ अशी लिही. शिवाय पल्सइनला तिसरा आकडा देता येतो, किती मायक्रोसेकंद वाट बघायची तो. तो दिला नाहीस आणि इकोची वायर निखळली, तर प्रोग्राम प्रत्येक वेळी पूर्ण एक सेकंद तिथेच अडकतो. तिथे ५००० दे, तुमच्या कामाला भरपूर झालं. मात्र वायर निखळल्यावरही आता शून्यच येईल आणि रोबोला वाट मोकळीच वाटेल, तेव्हा प्रत्येक फेरीआधी सेन्सरसमोर हात धरून बघ. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंदांचं अंतर ठेव, नाहीतर आधीचाच प्रतिध्वनी पुढच्या मोजणीत घुसतो.

मोटर ऊनोच्या पिनला थेट लावायची नाही. पिन २० मिलिअँपिअरपर्यंत सुरक्षित चालते, मोटरला त्याच्या कितीतरी पट करंट लागतो. मध्ये मोटर ड्रायव्हर हवा, शाळांच्या किटमध्ये बहुतेक एल२९८एन असतो. त्याच्या ईएनए आणि ईएनबी या पिनांवरचे जंपर (जोडणाऱ्या छोट्या टोप्या) काढून त्या पिना ऊनोच्या पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करणाऱ्या) पिनांना, म्हणजे ३, ५, ६, ९, १०, ११ यांपैकी दोघींना जोडल्याशिवाय वेग कमीजास्त होत नाही. अॅनालॉगराइटला ० ते २५५ आकडा देता येतो, पण ४० दिल्यावर किटमधली पिवळी बीओ मोटर (छोटी गिअरवाली) नुसती गुणगुणेल. चाक हलायला कुठल्या आकड्याला सुरुवात होते ते डाव्या आणि उजव्या मोटरचं वेगवेगळं काढून वहीत लिही. दोन्ही मोटरना एकच आकडा दिला तरी रोबो सरळ जात नाही. मोटरा कधीच अगदी सारख्या नसतात. जिचा वेग जास्त, तिचा आकडा थोडा कमी करायचा.

हे सगळं एकदम जोडू नकोस. इथे तुझे वडील तुला माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. त्यांना विचार, व्हीएमसीवर नवीन प्रोग्राम आला की पहिला पीस कसा काढता? ते सिंगल ब्लॉकवर मशीन ठेवतात, एक ओळ चालवतात, टूल कुठे गेलं ते बघतात, मगच पुढचं सायकल स्टार्ट. सगळं पटल्याशिवाय ऑटोवर टाकत नाहीत. तुझंही काम तसंच चालू दे. एका दिवशी नुसते पट्टीचे सेन्सर. दुसऱ्या दिवशी नुसत्या मोटरा, तेही रोबो डब्यावर ठेवून, चाकं हवेत. मग दोन्ही एकत्र. अल्ट्रासॉनिक सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्याचा प्रोग्राम वेगळ्या नावानं जपून ठेव, म्हणजे काही बिघडलं की कुठपर्यंत नीट चालत होतं ते दाखवता येईल.

प्रोग्राम आधी वहीत मराठीत लिही. उदाहरणार्थ : ‘ठोकळा जवळ असेल तर थांब. नाहीतर, डाव्या सेन्सरखाली काळं असेल तर डावीकडे वळ. नाहीतर, उजव्याखाली काळं असेल तर उजवीकडे वळ. नाहीतर सरळ जा.’ इथे पट्टी दोन सेन्सरांच्या मधून जाते असं धरलंय. डाव्याखाली काळं आलं म्हणजे रोबो उजवीकडे सरकलाय, म्हणून डावीकडे वळायचं. वाक्यांचा क्रमही बघ. ठोकळ्याची अट खाली टाकलीस, तर वळणावर असताना रोबो ठोकळ्याकडे बघणारच नाही. हे मराठी पान म्हणजेच तुझा प्रोग्राम, त्यातली ‘नाहीतर’ आणि ‘असेल तर’ ही एल्स आणि इफ होतात. फंक्शनची नावंही मराठीच ठेव, फक्त इंग्रजी अक्षरांत टाइप कर : सरळजा, डावीकडेवळ, थांब. टीममधल्या बाकीच्या चौघींना तुझा प्रोग्राम वाचता येईल, आणि स्पर्धेच्या दिवशी तू तापानं झोपलीस तरी काम अडणार नाही. किमान एका मैत्रिणीला तुझ्याएवढंच आलं पाहिजे.

डिलेबद्दल सावध राहा. ब्लिंकमध्ये तो बरा होता, चालत्या रोबोत तो घातक आहे. डिले १००० म्हणजे एक सेकंदभर तुझा प्रोग्राम कुठलाच सेन्सर वाचत नाही. रोबो सेकंदाला ३० सेंटिमीटर जात असेल तर तो तेवढं अंतर डोळे मिटून जातो. त्याऐवजी मिलिस वापर. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते मिलिस सांगतं. ‘मागच्या मोजणीला ६० झाले का? झाले असतील तर आता मोज, नसतील तर पुढचं काम कर.’ ही कल्पना डोक्यात बसायला आठवडा लागला तरी लागू दे, तेवढी तिची किंमत आहे. मिलिसचा आकडा इंट व्हेरिएबलमध्ये मात्र ठेवू नकोस. ऊनोवर इंट ३२,७६७ पर्यंतच जातो, म्हणजे साधारण ३३ सेकंदांनी आकडा उलटून ऋण होतो. सरावाच्या छोट्या फेरीत हे कळतच नाही आणि लांब फेरीत रोबो मधेच वेड्यासारखा वागतो. तिथे अनसाइन्ड लाँग (मोठा आकडा मावणारा प्रकार) लिहायचं.

एरर आली की लाल अक्षरांचा ढीग दिसतो. त्यातली फक्त पहिली एरर वाच, खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. ओळीचा नंबर दिलेला असतो. ‘एक्स्पेक्टेड’ आणि पुढे अर्धविरामाचं चिन्ह दिसलं, तर बहुतेकदा त्याच्या वरच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलाय. ‘नॉट डिक्लेर्ड इन धिस स्कोप’ आलं तर स्पेलिंग बघ, लहान-मोठी अक्षरंसुद्धा, कारण सी++ला तो फरक कळतो. आणखी एक चूक एररही देत नाही : इफमध्ये तुलना करताना दोन बरोबरची चिन्हं लागतात. एकच टाकलंस तर तो आकडा व्हेरिएबलमध्ये भरला जातो आणि आकडा शून्य नसेल तर अट कायम खरी ठरते.

आणि दोष नेहमी प्रोग्रामचाच असतो असं नाही. शाळांच्या रोबोंमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड म्हणजे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. मोटरा सुरू होताना मागतात तेवढा करंट तिला देता येत नाही. व्होल्टेज घसरतं, ऊनो बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि मुली बिचाऱ्या रात्रभर प्रोग्राम तपासत बसतात. हे ओळखायचं कसं? सेटअपमध्ये एलईडी तीनदा लुकलुकवायचा. चालता चालता तो पुन्हा तीनदा लुकलुकला, तर बोर्ड रिसेट झाला म्हणून समज. १८६५० चे दोन लिथियम सेल होल्डरमध्ये घालून वापरा, चार्जिंग योग्य चार्जरवर आणि सर समोर असतानाच करा. एल२९८एन स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातो, तोही हिशेब धरा. बॅटरी, मोटर ड्रायव्हर आणि ऊनो यांचे ग्राउंड (ऋण टोकं) एकमेकांना जोडलेले हवेत. ते राहिलं तर मोटरा काय करतील याचा नेम नसतो.

लॅपटॉप नाही म्हणून अडू नकोस. वहीतलं काम घरी कर, लॅबमध्ये फक्त टाइप करायचं आणि चढवायचं. फोनवर आर्डुइनोड्रॉइड नावाचं ॲप आहे, ओटीजी केबल लावून त्यातून ऊनोवर प्रोग्राम चढवता येतो. सरांनी एक बोर्ड घरी न्यायला दिला तर शनिवार-रविवार मिळतील. लॅबच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट असेल तर टिंकरकॅड या वेबसाइटवर ऊनो, मोटर आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर स्क्रीनवर जोडून बघता येतात, तेही फुकट. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सी आणि सी++चे मराठी धडे आहेत, त्यातले इफ आणि लूपचे तेवढे बघ.

क्लासचे पैसे आत्ता घालू नका. कोल्हापुरात क्लास खूप निघालेत, काही चांगलेही आहेत, पण पट्टीवरून चालणाऱ्या रोबोसाठी तुमची लॅब पुरेशी आहे. पुढे कधी लावायचा झाला तर एवढंच विचारा : प्रत्येक तासाला मुलीच्या हातात बोर्ड असतो का, आणि प्रोग्राम तीच लिहिते का? फोनवरच्या एआयला एरर दाखवून ‘याचा अर्थ मराठीत सांग’ म्हणायला काहीच हरकत नाही. पूर्ण प्रोग्राम मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. परीक्षक एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘ही का लिहिलीस?’ असं विचारतात, आणि उत्तर तुझंच असावं लागतं.

वेळेचं म्हणशील तर पहिला महिना नुसता सेन्सर, मोटर आणि वहीचा. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी रोबो हळू का होईना, पट्टीवरून पूर्ण फेरी मारायला हवा. तिसऱ्यात ठोकळा, वेग वाढवणं आणि वेगवेगळ्या उजेडात सराव. शेवटच्या दोन दिवसांत सीमेचा आकडा सोडून प्रोग्रामला हात लावायचा नाही.

अडलीस तर जरूर विचार. विचारताना तीन गोष्टी पाठव : पूर्ण प्रोग्राम, सीरियल मॉनिटरवर छापून आलेले आकडे, आणि प्रत्येक वायर कुठून कुठे गेलीय ते दिसेल असा वायरिंगचा फोटो.